खळगी

साडेतीनला उठवलं संघपालला.
मे महिन्यात हे काम उजाडायच्या आतच उरकायचं.
दहाला शेडचा पत्रा तापला की
विनाइल सैल कणकेसारखं लोंबतं,
बोट लावलं तिथे बोटाचाच ठसा.

कारंजा रोडला, वजनकाट्याच्या मागे आमचं शेड.
आत पांढरी व्हॅन, डोळे तपासायची,
पोहा, धनज, कामरगाव फिरणार.
बाजूवर एक डोळा हवाय त्यांना,
पाच फूट रुंद, पापण्यांसकट.

कंपनीने व्हॅनच्या कुशीत
बोटभर खोल खळग्या दाबल्यात.
सपाट पत्रा थरथरतो, दबलेला टिकतो.
ते खरं.
पण डोळा काढणाऱ्या पोरीने
(अमरावतीला बसते, हात चांगला आहे)
गाडी काही पाहिली नव्हती.
बुबुळ नेमकं खळगीत.

कापून तळाला वेगळा तुकडा लावता येतो.
डोळा कापायला मन होईना.

मागच्या साली घाई केली होती मी.
मानोऱ्याच्या डेअरीची गाडी, बाजूवर म्हैस.
खळगीवरून विनाइल ताणलं तंबूसारखं
आणि तापवून मधोमध दाबलं आत.
बसलं. सुरेख बसलं.
फोटो काढला, पैसे घेतले.
तिसऱ्या दिवशी फोन:
‘भाऊ, म्हशीचं पोट फुगलं.’
जाऊन पाहतो तर खरंच,
कोपऱ्याकोपऱ्यातून सुटून वर आलेलं,
टिचकी मारली तर डफासारखं वाजलं.

याला आठवतं.
रोलवर आपण कसे सपाट होतो ते.
ताणलं तेवढं परत मागतं,
आज नाही तर उद्या, दुपारी, भर उन्हात.

म्हणून उलटं कर, संघपाल.
आधी खळगी, काठ मागून.
ओला पापड लुगड्यावर सोडतात तसं सोड,
ओढू नको.
तळ बसव, मग भिंत, मग वर ये.
घाम पडू देऊ नको, पुसलेला पत्रा आहे.

‘भाऊ, कोपऱ्यात सुरकुती येऊन राह्यली.’
‘येऊ दे. उचल. गन दाखव, दुरून.
दाबू नको तिले, सोताच जाते.’
गेली.
‘हाव बापा!’ म्हणाला, आणि हसला,
मार्चपासून पहिल्यांदा असेल.

मार्चमध्ये सुरतेहून परतला तो.
काय झालं ते मी विचारलं नाही.
झोपेत अजून आकडे म्हणतो,
ताग्यांचे, मीटरमध्ये,
मधेच कुणाची तरी माफी मागतो.

शेवटी सगळं पुन्हा तापवायचं, नव्वदच्या वर,
इंच इंच, खळगीच्या काठाकाठाने,
इतकं, की त्याने रोल विसरावा
आणि हाच आपला आकार मानावा.
हे असं मी त्याला सांगत नाही.
त्याला सांगतो: नव्वद. मीटर धर. मोज.

सहाला काट्यावरचे टेंभरेकाका आले, चहा घेऊन.
एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू,
दुसऱ्याचा भरवसा नाही.
किटली खाली ठेवून
पत्र्यावर तळवा फिरवत निघाले, पापणीपासून.
बुबुळापाशी बोटं आत उतरली.
थांबले.
‘खराच हाय,’ म्हणाले.
‘खोबणी हाय याले.’

अमरावतीच्या पोरीला कळवायला हवं.

आता अकरा वाजलेत. पत्रा तडतडतोय.
संघपाल दर अर्ध्या तासाने जातो,
खळगीच्या कोपऱ्यात अंगठा दाबून येतो.
बसलंय रे, म्हटलं, आता नाही उठत.
मान हलवतो.
तरी जातो.